मुक्ताची डाळिंबी चटई

विकीने चटईच्या कोपऱ्यातलं बदक दाबलं आणि ते असं केकाटलं, की जयवंतच्या कडेवरची मुक्ता आधी दचकली, मग खिदळायला लागली. जयवंतने मात्र ती चटई मनातल्या मनात दुकानाबाहेर भिरकावून दिली.

"बघा काका, बेबीला आवडली!" विकी म्हणाला. घाटकोपरच्या बाजारात लहान मुलांच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक कडेवर असतं हे पक्कं ठाऊक असतं.

"तिला आवडेल रे. मला आवाज नकोय."

"प्ले मॅट आहे काका. आवाज नको तर मग प्ले कसला?"

"दुसरी दाखव."

दुसरीला घडी बंद ठेवायला वेलक्रो होता. विकीने तो ओढला आणि चर्रर्र असा आवाज सगळ्या दुकानभर गेला. जयवंतने डोळे मिटून घेतले, आणि मंदिरातलं कीर्तन समोर उभं राहिलं. बुवा आख्यान सांगतायत, भरत रामाच्या पादुका डोक्यावर घेऊन चित्रकूटाहून परत फिरलाय, बायकांच्या रांगेत पदर डोळ्यांना लागलेत, तबला थांबलाय, आणि तेवढ्यात पेटीच्या बाजूने चर्रर्र! छे. भरतसुद्धा मागे वळून बघेल.

"हीपण नको," तो म्हणाला.

"काका, तुम्हाला नेमकं काय पाहिजे ते तरी सांगा ना."

तेच तर जयवंतला सांगता येत नव्हतं. आयुष्यभर त्याने साथ केली होती. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी दुसरं काही नाही तरी पेटी तेवढी त्याच्या हवाली केली, आणि कुरिअर कंपनीतली नोकरी सांभाळून तो मुलुंडच्या विठ्ठल मंदिरात पेटीवर बसायला लागला, त्याला आता पिढी लोटली. साथ करणाऱ्याचं काम म्हणजे बुवांच्या मागे राहणं. बुवांनी ओळ टाकली की ती झेलायची, बुवा थांबले की भरून काढायचं, आपण होऊन पुढे जायचं नाही. हा धर्म त्याच्या अंगात इतका मुरला होता, की घरातही तो कुणाच्या आधी बोलत नसे. बायको होती तोवर ती बोलायची. ती गेल्यावर मुलगी बोलायला लागली.

आणि मुलीने, म्हणजे जान्हवीने, या वेळी स्पष्ट बोलून टाकलं होतं.

झालं होतं असं, की बाळंतपणाची रजा संपून जान्हवीचं अंधेरीचं ऑफिस सुरू झालं. जावई देवेश बोटीवर, सहा सहा महिने समुद्रात. तेव्हा सात महिन्यांची मुक्ता दुपारपासून आजोबांकडे. त्यात जयवंतला आनंदच होता. अडचण एकच, मंदिरातलं कीर्तन संध्याकाळचं, आणि जान्हवी घरी पोचायची ते दिवेलागण होऊन गेल्यावर. एका एकादशीला जयवंत नातीला घेऊनच मंदिरात गेला. पेटीशेजारी उपरणं अंथरलं, तिला बसवलं. नुकतीच बसायला शिकलेली पोर, अभंगाच्या ठेक्यावर डोलली आणि मागच्या मागे संगमरवरावर आपटली. डोक्यावर लिंबाएवढं टेंगूळ. जान्हवीने ते बघितलं आणि आईच्याच आवाजात म्हणाली, "बाबा, जाड, मऊ, स्वच्छ चटई असेल तर ने तिला. नाहीतर कीर्तन विसर."

विसर म्हणे. पाडवा तोंडावर आलेला. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत देवरुखचे टेंबुलकरबुवा येणार, रोज कीर्तन होणार. बुवांना जयवंतचीच पेटी लागायची. "जयवंतरावांचा सूर मिळाला की माझं निम्मं कीर्तन झालं," असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि जयवंतला वाटायचं, जन्माला येऊन एवढं तरी पदरात पडलं. सगळं वर्ष तो या दिवसांवर नजर ठेवून असायचा. आता ते दिवस एका चटईवर येऊन अडले होते.

चटई काय, चुटकीसरशी मिळेल असं त्याला वाटलं होतं. जान्हवीने त्याच रात्री मोबाइलवरून मागवली. आली ती रबरी ठोकळ्यांची, एकात एक अडकवायची, आणि प्रत्येक ठोकळ्यावर एक अक्षर. जयवंत दारातच अडला.

"अक्षरं आहेत गं हिच्यावर."

"मग? चांगलं आहे ना, शिकेल."

"अक्षरावर पाय ठेवायचा?"

जान्हवीने कपाळावर हात मारला. "बाबा, ती सात महिन्यांची आहे. तिला ते अक्षर आहे हेच कळत नाही."

"मला कळतं ना! वर्तमानपत्राला पाय लागला तरी मी नमस्कार करतो. हिच्यावर काय, दिवसभर हात जोडत बसू? आणि ती नुसता पाय नाही ठेवणार. शू पण करणार."

"सरस्वतीला मुलं होती की नाही मला माहीत नाही," जान्हवी म्हणाली, "पण तिला शू कळत असणार." तरी ठोकळे परत गेले.

मग देवेशने बोटीवरून एक लिंक पाठवली. इतकी जाड चटई, की वरून पोर टाकली तरी हरकत नाही, असं त्याचं म्हणणं. ती आली तर घडी घातल्यावर गादीएवढी. जयवंतची इमारत जुनी, लिफ्ट नाही. एका हातात पोर, खांद्यावर तिच्या कपड्यांची पिशवी आणि बगलेत ही गादी, असा तो जिना उतरायला लागला आणि पहिल्याच वळणावर भिंत आणि कठडा यांच्यामध्ये अडकून बसला. वर जाता येईना, खाली येता येईना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या बर्थाबाईंनी चटई खेचून त्याला सोडवलं. "अरे जयवंत, पोरीला फिरायला नेतोस की घर बदलतोस?" त्या म्हणाल्या. तीही परत गेली.

तिसऱ्या वेळी जान्हवीने फार विचार करून मागवली. खोकं त्याच्या हातात देत म्हणाली, "ही खास तुझ्यासाठी. बघच." जयवंतने उघडली. मऊ, हलकी, घडी झकास. आणि मधोमध लोण्याचं मडकं घेऊन रांगणारा बाळकृष्ण, मोरपिसासकट.

जयवंतने चटई उचलून सरळ कपाटावर ठेवली आणि हात जोडले.

"आता काय झालं?" जान्हवी म्हणाली.

"कृष्णावर बसवू हिला? तेही देवळात?"

"अरे, संस्कारी म्हणून लिहिलंय त्याच्यावर!"

"ज्याने बनवली त्याच्यावर आधी संस्कार करायला पाहिजेत."

"बाबा," जान्हवी थकून खुर्चीत बसली. ऑफिसचे कपडेही अजून बदलले नव्हते तिने. "खरं सांगू? तुला चटई नकोच आहे. मी दमून येते, रात्री बसून शोधते, मागवते, परत पाठवते. तुला काय हवंय ते तू एकदाही धड सांगत नाहीस. नुसतं हे नको, ते नको. यार, वाट लागलीय माझी."

जयवंत गप्प बसला. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण सुरुवात कुठून करायची ते सापडेना. आणि असं गप्प बसलं की तिला अजून राग येतो हेही कळत होतं. म्हणून दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच निघाला. मुलुंडचा मॉल झाला, भांडुपचं एक दुकान झालं, बोरीवलीला भाचीच्या ओळखीच्या दुकानातही जाऊन आला. कुठे पियानो वाजणारी चटई, कुठे कुरकुरणारी, कुठे आत थर्माकोलचे मणी सळसळणारी. एका दुकानात तर चटईतून बाईच इंग्रजीत गाणं म्हणायला लागली आणि ती बंद कशी करायची ते दुकानदारालाही माहीत नव्हतं. मुक्ताचं दर वेळी भलतंच खूश होणं पाहून जयवंतचा जीव आणखीच चरफडायचा. ही नात आपल्या बाजूची नाहीच मुळी.

आणि आज विकीचं दुकान. पाडवा दोन दिवसांवर.

"सांगा ना काका," विकी पुन्हा म्हणाला.

जयवंतने मुक्ताला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि सांगायचा प्रयत्न केला. "आवाज नको. अक्षरं नकोत. देव नको. जाड पाहिजे, पण एका हाताने उघडता आली पाहिजे. आणि फरशीवर सरकायला नको."

विकीने सगळ्या अटी बोटांवर मोजल्या. मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरून एक धुळकट गुंडाळी ओढली. "ही चालतच नाही म्हणून वर टाकलीय. माल चांगला आहे, पण कलर बघा. लोक बेबीला निळा नेतात, गुलाबी नेतात. हा लग्नाच्या स्टेजचा वाटतो."

डाळिंबी रंग. साधी, चित्र नाही, काही नाही, कडेने तेवढी बारीक पिवळसर शिवण. बांधायला नाडी, खांद्याला अडकवायला पट्टा. जयवंतने नाडी सोडली, आवाज नाही. चटई उलगडली, आवाज नाही. मग त्याने खाली बसून तिच्यावर कान टेकवला आणि नखाने खरवडून बघितलं.

"काका, चटई घेताय की तंबोरा?" विकी म्हणाला.

जयवंतने पहिल्यांदाच हसून पैसे काढले.

घरी जान्हवीने ती गुडघा रोवून दाबली, नाक लावून वास घेतला, धुण्याच्या सूचना वाचल्या. "बरी आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडून 'बरी' म्हणजे पुष्कळ झालं. "पण एक. तिच्यावर मुक्ताशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही. देवळात शंभर लोकांचे पाय असतात. चपला बाहेर असल्या तरी. ती तोंड लावते त्याला. नाहीतर परवापासून आपलं ठरलेलं."

"नाही गं ठेवणार कुणी," जयवंत म्हणाला.

पाडव्याच्या दिवशी जान्हवीला सुटी नव्हती. तिच्या कंपनीची गिऱ्हाइकं परदेशातली, त्यांना पाडव्याचं काय. सकाळी गुढी उभारून, कडुलिंबाचं पान चावून ती तशीच पळाली होती. जयवंत उन्हं उतरायच्या आधीच मुक्ताला घेऊन मंदिरात पोचला. सभामंडपात अजून कुणी नव्हतं. समोर विठ्ठल-रखुमाई, नवी वस्त्रं ल्यालेले. त्याने नमस्कार केला, पेटी गवसणीतून काढून जागेवर मांडली, माइक वाकवून भात्यासमोर आणला आणि चटईची गुंडाळी पेटीशेजारी ठेवली. तेवढ्यात मुक्ताचा लंगोट ओला झाल्याचं हाताला जाणवलं. तिला घेऊन तो मागच्या खोलीत गेला, आणि गेलोच आहोत तर दूधही पाजून घेतलं.

एवढंच. एवढाच काय तो वेळ.

परत आला तर चटई सभामंडपाच्या मधोमध, बुवांच्या माइकसमोर अंथरलेली. कोपरे सरळ केलेले. भोवती रांगोळीची महिरप, महिरपीवर गुलाबाच्या पाकळ्या. आणि मंदिराचं सगळं बघणाऱ्या माधुरीताई माइक हातात घेऊन आलेल्या मंडळींना सांगतायत, "कुणा भक्ताने नाव न सांगता बुवांसाठी हे आसन आणून ठेवलंय. मी नाव विचारणार नाही. विठ्ठलाला ठाऊक आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

या मंदिराची रीतच तशी. समई असो, तांदळाचं पोतं असो, सतरंजी असो, देणारा येतो, देवासमोर ठेवतो आणि निघून जातो. विचारलं तर पुण्य कमी होतं, म्हणून कुणी विचारत नाही. मांडलेल्या जागेत बेवारशी दिसेल ते देवाचं. आणि रंग तर असा, की जणू नारदाच्या गादीसाठीच, कीर्तनकार उभा राहतो त्या जागेसाठीच, रंगवलाय.

जयवंत लगबगीने पुढे गेला. "ताई, ती चटई..."

"बघितलीत?" माधुरीताईंचे डोळे भरून आले होते. "जयवंतराव, जुनं आसन वाळवीने खाल्लं. काल उघडलं तर नुसता भुगा. मला रात्रभर झोप नाही. बुवांना काय उघड्या फरशीवर उभं करायचं? देवाला म्हटलं, तूच बघ. आणि आज येते तर हे समोर! मऊ किती, हात लावून बघा. नको, हात नका लावू आता, मांडलंय."

"मऊ आहे खरी," जयवंत म्हणाला. "म्हणजे... फारच मऊ. उभं राहायला जरा... तोल जाईल बुवांचा."

"अहो, गुडघे दुखतात त्यांचे! मऊच पाहिजे."

"आणि ती नवीन आहे. कोणी तरी... लहान मुलासाठी..."

"हो ना, नवीन कोरी! वास बघा."

साथीतली खुबी अशी, की गाणारा चुकला तर पुढची ओळ हळूच वाजवून दाखवायची, म्हणजे तो आपणच सावरतो. तो माधुरीताईंना मघापासून पुढची ओळ दाखवत होता, आणि त्या आपल्याच तालात गात होत्या. सरळ सांगावं तर सगळा मंडप ऐकतोय. देवाला वाहिलेलं परत मागणारा तो कोण? आणि न सांगावं तर ही पोर कुठे ठेवायची? येणाऱ्या-जाणाऱ्या पायांची रहदारी सुरू झालेली, फरशीवर धूळ, टेंगूळ अजून हाताला लागत होतं.

मुक्ताने रडायला सुरुवात केली.

"जयवंता," मागून आवाज आला. श्यामकांत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मोबाइलवर बघून पेटी शिकलेला आणि दर कीर्तनाला तिसऱ्या रांगेत बसून स्वतःच्या मांडीवर बोटं चालवणारा. "अरे पोर कावलीय. तू हिला घेऊन घरी जा कसा. पेटीचं मी बघतो. माझी पण आणलीय, गाडीत आहे."

"तुझी पेटी गाडीत काय करतेय?"

"असू दे म्हटलं. कधी काय वेळ येते."

जयवंतला वाटलं, पेटी उचलून याच्या डोक्यात घालावी. त्याने ती उचलली नाही. मांडी घालून पेटीमागे बसला, मुक्ताला मांडीत घेतलं. डावा हात भात्यावर ठेवला तर पोर घसरते, पोरीला धरलं तर भाता कोण ओढणार? मुक्ता पट्ट्यांवर दोन्ही हातांनी चापट्या मारायला लागली. भात्यात वारा नव्हता म्हणून बरं.

टेंबुलकरबुवा आले. पगडी, अंगरखा, गळ्यात उपरणं. देवाला दंडवत घालायला आता जमत नाही म्हणून उभ्यानेच वाकले, मंडपाला नमस्कार केला, जयवंतकडे बघून ओळखीचं हसले आणि चटईवर पाय ठेवला. पाय रुतला. बुवा क्षणभर थबकले. मग दुसराही ठेवला आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अहाहा," बुवा माइकमधून म्हणाले. "कुणी घातलंय हे? गुडघे आशीर्वाद देतायत हो."

मंडप हसला. माधुरीताईंनी हात जोडून डोळे टिपले. पुन्हा टाळ्या. जयवंत त्या डाळिंबी रंगात रुतलेली बुवांची पावलं बघत राहिला. जान्हवीला काय सांगणार होता? की तुझ्या लेकीच्या चटईवर फक्त एकच माणूस उभा राहिला, आणि तोही नऊ दिवस राहणार आहे?

बुवांनी झांजा हातात घेतल्या, डोळे मिटले आणि मान किंचित जयवंतकडे झुकवली. सूर द्या, अशी ती खूण. एवढ्या वर्षांत ती मान झुकायची आणि त्याच श्वासाला पेटीतून बुवांचा सूर, काळी दोन, यायचा. बोटं आपोआप जायची, डोकं लागत नसे.

आजही बोट पट्टीवर गेलं. पण भाता हलला नाही.

बुवांनी एक डोळा उघडला. "सूर, जयवंतराव."

तबलजीने त्याच्याकडे बघितलं. तिसऱ्या रांगेत श्यामकांत अर्धवट उठला. समोर विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा, तोही वाट बघतोय असं वाटलं. माफ कर बाबा, तो मनात म्हणाला. मग भात्यासमोरच्या माइकमधून त्याचा आवाज सगळ्या मंडपात, मंडपाबाहेर चपलांच्या फळ्यांपर्यंत गेला.

"बुवा, ती चटई माझ्या नातीची आहे."

माधुरीताई पहिल्या भानावर आल्या. "जयवंतराव! देवाला दिलेलं परत मागायचं?"

"मी दिलं नाही, ताई. मी ठेवलं होतं. हिचा लंगोट बदलायला गेलो होतो."

"मग आधी नाही सांगायचं?"

"सांगत होतो. तुम्ही ऐकत नव्हता."

"जाऊ दे रे जयवंता," श्यामकांत म्हणाला, "एवढं काय त्यात. दुसरी घे उद्या."

"दुसरी घे?" आणि मग जयवंतचं जे काय इतके दिवस आत तुंबलं होतं ते माइकसकट बाहेर आलं. "तू घेऊन दाखव! बदक ओरडतं तिच्यात. बाई गाते इंग्रजीत. एकीवर सगळी बाराखडी, पाय कुठे ठेवू? एकीवर बाळकृष्ण, तिथे बसवू हिला? जिन्यात अडकलो मी, बर्थाबाईने ओढून काढलं. बोरीवलीपर्यंत जाऊन आलो उन्हातान्हातून. माझी लेक रात्र रात्र जागून शोधते आणि मी नको म्हणतो, ती मला म्हणते तुला पाहिजे तरी काय. मला काय पाहिजे? मला इथे बसायचंय. बुवांच्या मागे. बाकी काय पाहिजे मला? आणि ही चटई नसेल तर ही पोर इथे येणार नाही, आणि ही येणार नाही तर मी येणार नाही. हसू नका!"

कारण मंडपात हसू फुटायला लागलं होतं. बायकांच्या रांगेतून तर खसखस पिकली होती. मुक्ताने आजोबांचा आवाज एवढा मोठा पहिल्यांदाच ऐकला होता. ती रडायचं विसरून त्यांच्या हनुवटीकडे बघत होती.

बुवा मात्र हसत नव्हते. त्यांनी पायांखाली बघितलं.

"बुवा, तुम्ही हलू नका," माधुरीताई म्हणाल्या. "तुमचे पाय लागले, आता ती नारदाची गादी झाली. ती पोराबाळांच्या खाली घालायची नसते. तुम्हीच सांगा यांना."

"सांगतो," बुवा म्हणाले. "नारदाची गादी कधी होते, माधुरीताई?"

"कीर्तनाला उभं राहिलात की."

"आणि कीर्तन कधी सुरू होतं?"

माधुरीताईंनी पेटीकडे बघितलं.

"सूर लागला की," बुवा म्हणाले. "सूर अजून लागलाय कुठे? यांनी दिलाच नाही. तोवर मी एक म्हातारा आहे आणि दुसऱ्याच्या चटईवर उभा आहे." ते हळूच, एका गुडघ्याला हाताचा आधार देत, उतरून फरशीवर आले. कोणी पुढे व्हायच्या आत वाकून त्यांनी चटई उचलली, उपरण्याने दोनदा झटकली आणि जयवंतच्या हातात दिली. "उलटी घाला. वरची बाजू माझ्या पायांची झाली. खालची पोरीची."

जयवंतने चटई उलटी अंथरली, मुक्ताला बसवलं. गुलाबाची एक पाकळी चिकटून आली होती, ती तिने लगेच तोंडात घातली. ती काढेपर्यंत माधुरीताईंनी कुठून तरी सतरंजी आणली आणि दुहेरी घडी करून बुवांसमोर अशी आपटली, की धूळ समईपर्यंत गेली. पुसलेल्या रांगोळीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. श्यामकांत खाली बसला आणि मांडीवरची बोटं त्याने आवरून घेतली.

बुवा सतरंजीवर उभे राहिले. पाऊल टेकताना त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली, ती जयवंतने बघितली, आणि ती त्याला टोचली. हे दुखणं आता आपल्या खात्यावर, असं त्याच्या मनात आलं. बुवांनी मान झुकवली.

जयवंतने सूर दिला.

नमन झालं, निरूपणाचा अभंग झाला. बुवा रंगले, आणि त्यांना रंगायला दृष्टांत लागतो, तो आज पायाशीच होता. "मंडळी, लोक म्हणतात सगळं सोडलं की देव भेटतो," ते म्हणाले. "मी आज पावलाखालचंही सोडलं. आणि ते कुणाला सोडलं? जिला अजून दात नाहीत तिला!" मंडप हसून लोळला. जयवंत मान खाली घालून वाजवत राहिला. आता रामनवमीपर्यंत रोज हे निघणार, नंतर देवरुखला निघणार, गावोगावच्या उत्सवात निघणार, आणि प्रत्येक वेळी चटई एक वीत मोठी होत जाणार. त्याला राग आला होता, लाज वाटत होती, आणि पेटी कधी नव्हे इतकी मोकळी वाजत होती. या तिन्ही गोष्टींचा मेळ त्याला लागत नव्हता.

मध्यंतराला नामाचा गजर सुरू झाला. माधुरीताई तबक घेऊन आल्या. बुवांना हार घातला, बुक्का लावला, वाकून नमस्कार केला. तबलजीला लावला. मग जयवंतसमोर आल्या. त्यांनी अंगठा बुक्क्यात बुडवला आणि त्याच्या कपाळावर असा दाबला, की त्याचं डोकं मागे गेलं.

"एवढा जोर कशाला, ताई?"

"लक्षात राहावं म्हणून," माधुरीताई म्हणाल्या. मग त्या चटईच्या कडेला, चटईला पदरही लागणार नाही अशा बेताने वाकल्या आणि करंगळीच्या टोकाने मुक्ताच्या कपाळावर एक ठिपका ठेवला.

"उद्या हिला टोपी घालून आणा," त्या उठता उठता म्हणाल्या. "पंखा थेट डोक्यावर येतो इथे."

बुवांनी आख्यानाला झांज वाजवली. जयवंतने भाता ओढला.